पट्ट्यापलीकडचा उजेड

"त्याला सांग, त्याचा उजेड माझ्या बाजूला येतोय," थोरला म्हणाला.

धाकटा अगदी जवळ, स्वतःच्या लेथपाशी उभा होता आणि त्याचे कान चांगले शाबूत होते. तरीही वहिनींना मान वळवून सांगावं लागलं, "भाऊजी, हे म्हणताहेत, तुमच्या दिव्यांचा उजेड इकडे येतोय."

"त्याला सांगा, उजेड आहे तो. पाणी नाही बांध घालायला."

वहिनींनी पुन्हा नवऱ्याकडे तोंड केलं. "ते म्हणतात, बघतो."

कारखान्यात हा नियम कितीतरी वर्षांपासून चालत आला होता. दोघे भाऊ एकाच छपराखाली काम करायचे, एकाच शटरखालून ये-जा करायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. एकाने काही म्हटलं आणि दुसऱ्याला ते स्वच्छ ऐकू आलं, तरी वहिनींनी स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत ते ऐकलं असं धरायचं नाही. मध्येच त्या फोनवर असल्या, तर समोरचा उत्तर ओठांवर घेऊन ताटकळत उभा राहायचा. वहिनी थोरल्याची बायको. बिलं, फोन, गिऱ्हाइकं, सामानाची ने-आण हे सगळं त्याच बघायच्या, आणि वर ही टपालखात्याची नोकरी. निरोप जसाच्या तसा पोचवायचा नाही, हे त्या सुरुवातीलाच शिकल्या होत्या. इकडून 'त्या गाढवाला सांग' निघालं की तिकडे 'भाऊजी, हे म्हणताहेत' एवढंच पोचायचं. एवढं गाळून घेतलं नसतं तर या दोघांनी एकमेकांची डोकी केव्हाच फोडली असती, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि हल्ली त्यांना वाटायचं, फोडली असती तर निदान एकदाच काय तो आवाज झाला असता.

जमिनीवर एक पिवळा पट्टा होता. शटरच्या मधोमध सुरू होऊन तो थेट समोरच्या भिंतीला भिडायचा. पट्ट्याच्या डावीकडचं ते थोरल्याचं, उजवीकडचं ते धाकट्याचं. दोन लेथ, दोन विजेचे मीटर, दोन झाडू. वहिनींचं टेबल बरोब्बर पट्ट्यावर, दोन पाय इकडे आणि दोन पाय तिकडे. ते कुठल्याही एका बाजूला सरकवलं असतं तर दुसऱ्याने बिलावर सही केली नसती.

भांडण लागलं होतं एका शाफ्टवरून. थोरल्याने माप घेतलं, धाकट्याने त्या मापाने शाफ्ट लेथवर काढला, आणि बसवायला गेले तर तो बेअरिंगमध्ये खुळखुळायला लागला. केसभर जास्त कट गेला होता. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. थोरला म्हणाला, याने हात सैल सोडला. धाकट्याने भावाकडे बघितलं, शाफ्टकडे बघितलं आणि तो काहीच बोलला नाही. त्या न बोलण्यानेच थोरल्याचं डोकं फिरलं. बोलायचं नसेल तर बोलूच नकोस, असं तो तावातावाने म्हणून गेला, आणि धाकट्यानेही ते अक्षरशः पाळलं. वहिनींना वाटलं होतं, दोन दिवस रुसतील आणि तिसऱ्या दिवशी एका कपातला चहा पितील. तिसऱ्या दिवशी धाकट्याने पिवळ्या रंगाचा डबा आणला.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. छोटी कामं एकेक करून दुसरीकडे जायला लागली होती. अशात कागद कारखान्याच्या साहेबाने लांबलचक रोलर दुरुस्तीला द्यायची तयारी दाखवली. त्याच्या अटी दोनच. रोलर मावेल असं मोठं लेथ हवं, आणि आतला हा अंधार हटायला हवा. "या उजेडात तुम्ही माप घेता तरी कसं?" असं त्याने विचारलं होतं, आणि थोरला उगाचच लाल झाला होता. साहेब उद्या सकाळी येऊन सगळं डोळ्यांनी बघणार होता. मशीन जागेवर नसेल तर रोलर दुसरीकडे जाणार, आणि रोलर गेले की हे शटर कायमचं खाली येणार. वहिनींना हे दिवसासुद्धा स्वप्नात दिसायचं.

मोठं लेथ त्यांनीच शोधलं. जुनं, पण दणकट. घ्यायला दोघांचे होकार हवे होते. थोरल्याला त्यांनी सांगितलं की भाऊजींना हे मशीन नकोय. थोरल्याला ते लगेच हवं झालं. धाकट्याला जाऊन सांगितलं की यांना नकोय. त्यालाही हवं झालं. इतकं सोपं काम वर्षानुवर्षांत झालं नव्हतं.

घोडं अडलं ते जागेवर. कारखाना आडवा लांब आणि आत खोलीला कमी. नवीन लेथ कुणाच्याच एका बाजूत मावेना. ते मागच्या भिंतीलगत, पट्ट्यावर आडवंच टाकावं लागणार होतं, आणि तसं टाकलं की त्याचा चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा मोठा जबडा, थोरल्याच्या हद्दीत आणि शेपूट तेवढी धाकट्याच्या हद्दीत. ज्याच्याकडे चक त्याचं मशीन, हे कुणीही सांगेल. वहिनींनी धाकट्याला पटवायला चार वाक्यं तयार करून ठेवली होती. तो नुसतं "येऊ दे त्याच्याकडे" म्हणाला आणि हातातला रुमाल झटकून निघून गेला. ती चार वाक्यं वाया गेल्याचं वहिनींना वाईट वाटलं, आणि यात काहीतरी काळंबेरं आहे अशी शंकाही आली.

मग दिव्यांचं रामायण. थोरला म्हणाला, मला माझा जुना बल्ब पुरतो, मी कुणाच्या उजेडावर जगत नाही. म्हणून नवे एलईडी दिवे लागले ते फक्त धाकट्याच्या बाजूला. आणि वायरमनने ते लावले तिरके. सगळ्यांची तोंडं पट्ट्यापलीकडे. धाकट्याच्या लेथवर बेताचाच उजेड, आणि थोरल्याच्या लेथवर भरदुपार.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" वहिनींनी वायरमनला विचारलं.

"मी नाही केलं. छोट्या मालकांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. थोडं अजून वळव, थोडं अजून वळव. माझी मान अवघडली."

वहिनींनी डोक्याला हात लावला. धाकट्याची खोड त्यांना माहीत होती. नको म्हणणाऱ्याच्या डोळ्यांतच उजेड मारायचा. स्वतःच्या मीटरवर, स्वतःच्या पैशाने. एवढा उपद्व्याप करायला माणसाला वेळ मिळतो कसा, हेच त्यांना कळेना.

थोरला तरी काय कमी? सकाळी वहिनी बिल घेऊन बँकेत गेल्या तेवढ्यात त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, त्याची झाकणं केली, वायरमनच्या शिडीवर चढून पट्ट्याला सगळ्यात जवळच्या दोन दिव्यांना ती तारेने आवळून टाकली. वहिनी परत आल्या तर मागच्या भिंतीकडचा डावा कोपरा पुन्हा पूर्वीसारखा काळोखा, आणि नवरा खाली उभा राहून समाधानाने हात पुसतोय.

"अहो, तिथेच आज मशीन यायचंय."

"मला दिसतंय ते."

त्याला काय दिसत होतं ते देव जाणे. हल्ली त्याचं सगळ्यांशीच वाजत होतं. बिलाच्या कागदावर शाई फिकी असते म्हणून वहिनींवर, मापाच्या पट्टीवर आकडे बारीक छापतात म्हणून दुकानदारावर. पेपर तर आता वाचण्याच्या लायकीचाच उरला नाही म्हणून त्याने बंदच केला. सगळं जग मिळून आपल्या नवऱ्याला छळतंय, आणि तो त्याचा सूड आपल्यावर घेतोय, इतपत वहिनींना समजलं होतं.

दुपारी क्रेन आली. क्रेनवाल्याने मशीन शटरच्या तोंडाशी ठेवलं आणि आत माझी मान जात नाही म्हणून तो निघून गेला. पुढचं काम मुकादमाचं. मुकादम आला, पण त्याची निम्मी माणसं दुसऱ्या कामावर अडकली होती. आत वायरमनची शिडी अजून उभीच. मुकादम म्हणाला, आधी शिडी काढा, मग मी मशीन आत घेतो. वायरमन म्हणाला, माझी एक वायर लोंबकळतेय, ती वर घेतल्याशिवाय मी शिडी काढणार नाही, आणि वर घ्यायला मला कुणी हात द्यायला हवा. हात द्यायला मुकादमाची माणसं नव्हती, कारण ती मशीन धरून उभी होती. वहिनी एकाकडे बघत, मग दुसऱ्याकडे. शेवटी त्यांनी पदर खोचला, शिडीवर चढून ती वायर स्वतः धरली आणि वायरमनला म्हणाल्या, "ठोका तुमचा खिळा. आणि बोलू नका."

वायरमनने मुकाट्याने क्लिप ठोकली आणि वायर वर गेली.

माणसं कमी पडत होती म्हणून पहारी दोघा भावांच्या हातात आल्या. मशीनखाली लोखंडी पाइपांचे तुकडे घातले होते. मागून पहारीने रेटायचं, मशीन पाइपांवर वीतभर सरकायचं, मागचा मोकळा झालेला पाइप उचलून पुढे आणून घालायचा. मुकादम मध्ये. पुढच्या टोकाला थोरला, कारण चक त्याच्या हद्दीत जाणार. मागच्या टोकाला धाकटा. आणि पट्ट्यावर, टेबलाला पाठ लावून, वहिनी.

"त्याला सांग, डावीकडून रेट."

"भाऊजी, डावीकडून रेटा."

"त्याला सांगा, डावीकडूनच रेटतोय."

"हो म्हणतात."

"त्याला सांग, मग मशीन उजवीकडे का येतंय?"

मुकादमाने हातातला पाइप खाली ठेवला. "वहिनी, हे काय चाललंय?"

"हे असंच असतं. तुम्ही तुमच्या पाइपांकडे बघा."

"मशीन ऐकायला थांबत नाही हो. एकानेच आवाज द्यायचा असतो."

"एकच देतेय की," वहिनी म्हणाल्या. "मीच देतेय."

मुकादमाने आयुष्यात बरीच अवजड यंत्रं हलवली असतील, पण हे भाऊ हलवणं त्याच्या हातात नव्हतं. त्याने पुन्हा पाइप उचलला. असं रखडत, थांबत, निरोप खात मशीन एकदाचं मागच्या भिंतीपाशी पोचलं. वहिनींचा घसा बसला होता आणि दोन्ही भावांचा घसा मात्र ठणठणीत होता.

आता शेवटचं काम. पुढचा पाय पहारीने किंचित उचलायचा, पाइप काढून घ्यायचा आणि पायाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा. थोरला ठोकळा घेऊन खाली बसला. झाकलेल्या दिव्यांमुळे त्या कोपऱ्यात उजेड नावालाच होता. त्याने चेहरा अगदी मशीनच्या पायाला लावला, चाचपून जागा बघितली आणि ठोकळ्यासकट हात आत घातला. मुकादम पलीकडच्या बाजूने पायाचा अंदाज घेत होता. धाकटा पट्ट्याच्या आपल्या बाजूला राहून, त्या पायाखाली घातलेल्या लांब पहारीवर सगळं अंग टाकून उभा होता. त्या पहारीवर अख्ख्या टोकाचा भार, त्यामुळे ती सोडून पुढे येण्याची सोय नव्हती.

पाइप वाकडा झाला होता. एक टोक पायाखालून जवळजवळ बाहेर आलं होतं. तो थोरल्याच्या नाकासमोर होता, आणि थोरला त्याच्याकडेच बघत "अजून थोडं" म्हणत होता.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "त्याला सांगा..."

वहिनींनी मान वळवली. काय सांगायचं ते ऐकायला त्या थांबल्या, जशा रोज थांबायच्या.

"दादा, हात."

आवाज मोठा नव्हता. पण तो थेट पट्ट्यावरून पलीकडे गेला, मध्ये कुठेही न थांबता. थोरल्याचा हात त्याच्या मनाला विचारल्याशिवाय मागे आला. पाइप सटकला, मशीनचा पाय धाडकन ठोकळ्यावर बसला, ठोकळा मधोमध चिरफाळला आणि छपरावरची धूळ खाली आली.

मुकादम जमिनीवरच बसला. थोरल्याने आपला हात डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, सुलटा केला. "पाइप दिसला नाही," तो म्हणाला. "इथे उजेडच..." आणि त्याने वर बघितलं. वर त्याचीच पत्र्याची झाकणं होती. पुढचं वाक्य त्याने गिळलं.

वहिनी पुन्हा शिडीवर चढल्या. रागाने माणूस बरंच काही चढून जातो. त्यांनी दोन्ही झाकणांच्या तारा उपसल्या आणि पत्रे खाली फेकले. लख्ख उजेड त्या कोपऱ्यात उतरला.

धाकटा मागच्या नळावर हात धूत होता. वहिनी तिथे गेल्या तेव्हा हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो धूतच होता.

"भाऊजी, आज मी विचारणार आणि तुम्ही सरळ सांगायचं. दिवे तिकडे तोंड करून का लावलेत? त्यांना डिवचायला?"

धाकट्याने नळ बंद केला.

"दादाला दिसत नाही, वहिनी."

"काय दिसत नाही?"

"बारीक काहीच. उजेड भरपूर असला की कसंतरी भागवतो. रोज बघतोय मी. माप घ्यायचा व्हर्नियर खिडकीकडे नेतो आणि कुणी बघत नाही ना ते आधी पाहतो. त्याने दिवे घेतले नसते, म्हणून मी माझ्या बाजूला लावले." मग तो घाईने म्हणाला, "हे त्याला सांगू नका."

वहिनींनी इतक्या वर्षांत शेकडो निरोप नेले होते. नेऊ नका असं सांगितलेला हा पहिलाच.

"का नको?"

"त्याला कळलं की मला कळलंय, तर तो मापाला हात लावायचा नाही. लेथवर उभा राहायचा नाही. घरी बसेल. आणि दादा घरी बसला तर..."

वहिनींना इतकी शरम वाटली की आधी त्यांना रागच आला. फिकी शाई, बारीक आकडे, बंद केलेला पेपर. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय आपटून पायरीला घातलेल्या शिव्या. एका घरात राहून, एका ताटाजवळ बसून आपण याला खडूसपणा समजत राहिलो, आणि ज्याच्याशी बोलणं नाही, त्याला पट्ट्यापलीकडून सगळं कळलं. आणि कळून त्या शहाण्याने काय केलं, तर दिवे वळवले. तोंड उघडलं नाही. दोघांच्या या खानदानी मुकेपणाला कुठे नेऊन आपटावं, असं त्यांना झालं.

त्या आत आल्या. थोरला नव्या मशीनपाशी, भरउजेडात उभा होता.

"काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"नळाला पाणी कमी येतं म्हणाले."

त्याने बायकोकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि तो मशीनकडे वळला.

आता मशीन पातळीत आणायचं राहिलं होतं. नवे ठोकळे घातले, चारी पाय टेकले. थोरल्याने आपल्या खोक्यातून पाणसळ काढली. कारखान्यात पाणसळ एकच, आणि ती कायम त्याच्याकडे. ज्याच्या हातात माप तो मोठा, हे त्या घरात न बोलता ठरलेलं होतं. त्याने ती लेथच्या लांब पाटावर ठेवली आणि वाकून आतला बुडबुडा बघायला लागला. डोक्यावर नवे दिवे जळत होते. तक्रार करावी इतकासुद्धा अंधार कुठे शिल्लक नव्हता. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मुकादम खाली बोल्टवर पाना लावून वाट बघत होता.

"किती, मालक?"

थोरला पुन्हा वाकला. वहिनींना वाटलं, जावं आणि आपणच बघावं. पण त्या गेल्या नाहीत.

"त्याला सांग," थोरला म्हणाला आणि थांबला. वहिनी वाट बघत राहिल्या. मग त्याने पाणसळ बोटाने ढकलली. ती गुळगुळीत पाटावरून सरकत पट्ट्याच्या पलीकडे गेली आणि धाकट्याच्या समोर थांबली.

"बघ," थोरला म्हणाला.

धाकट्याने सवयीने वहिनींकडे पाहिलं. वहिनी मान वर करून दिवे मोजत असल्यासारख्या उभ्या होत्या. दुसरा काही उपाय न उरल्यामुळे तो वाकला.

"तुझ्या बाजूला चढलंय."

"किती?"

"थोडंच."

"मग उतरव."

धाकट्याने मुकादमाला खूण केली. पाना फिरला. पाणसळ इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सरकत राहिली. दर वेळी धाकटा बघायचा, सांगायचा, आणि थोरला मान हलवायचा. बोलणं तसं कामापुरतंच होतं, पण कामापुरतंसुद्धा वहिनींनी ते कधी कानांनी ऐकलं नव्हतं. मशीन एकदाचं बसलं. मुकादमाने आपले पाइप आणि पाने गोळा केले, वायरमनने शिडी उचलली, आणि दोघेही या घरात पुन्हा काम घ्यायचं की नाही याचा विचार करत निघून गेले.

उरला एकच प्रश्न. नवीन मशीनपुढे उभं राहायला जागा हवी, आणि तिथे नेमकं वहिनींचं टेबल येत होतं. पट्टाही मागच्या अंगाला मशीनखाली गेला होता.

"माझं टेबल कुठे ठेवू?" वहिनींनी विचारलं.

"शटरपाशी," थोरला म्हणाला.

"खिडकीपाशी," धाकटा म्हणाला.

दोघांची उत्तरं एकदमच आली. वहिनी सवयीने तोंड उघडणार होत्या. मग त्यांनी ते मिटलं, खुर्ची उचलली, शटरबाहेरच्या पायरीजवळ नेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या. जे काय बोलायचं ते बोला आता, मी मध्ये नाही.

आत कुणीतरी झाडू मारायला घेतला.

"शटरपाशी धूळ येते," धाकट्याचा आवाज आला. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं.

"खिडकीपाशी सकाळी तोंडावर ऊन येतं तिच्या," थोरल्याचा आवाज.

"सकाळी ऊन पलीकडच्या खिडकीतून येतं."

"मला सांगतोस? मी इथे तुझ्या आधीपासून उभा आहे."

"उभा आहेस, पण तुला दिसतंय कुठे?"

वहिनींनी डोळे गच्च मिटले. सांगू नका म्हणणारा तोच, आणि बोलून बसणाराही तोच. उद्या साहेब येणार, मशीन जागेवर, दिवे जागेवर, आणि आत आता दोन पहारी हाताशी. उठावं की बसावं ते त्यांना कळेना.

आत झाडू थांबला.

"नाही दिसत," थोरला म्हणाला. "म्हणून तर पाणसळ तुला दिली."

झाडू भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"केव्हापासून माहीत आहे तुला?" थोरल्याने विचारलं.

"त्या शाफ्टपासून. नंतर मी स्वतः माप घेतलं होतं. तू सांगितलेला आकडाच चुकीचा होता."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"गिऱ्हाइकासमोर? तुला दिसत नाही म्हणून?"

थोरल्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. "त्याच्यासमोर नाही. पण नंतर. इतकी वर्षं होती की नंतर."

"नंतर आपण बोलत कुठे होतो, दादा?"

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनींनी पदराने डोळे पुसले, मग नाक पुसलं, आणि आपण रडतोय याचाही त्यांना राग आला. इतकी वर्षं त्या दोघांमध्ये बसून होत्या. सगळे निरोप नेले, गाळून नेले, गोड करून नेले. यातलं एकही वाक्य त्यांच्या हातून गेलं नव्हतं, कारण हे कुणी त्यांच्याकडे दिलंच नव्हतं.

"अगं," आतून थोरल्याने हाक मारली. "ऐकलंस का, हा काय म्हणतोय?"

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत. "टेबल खिडकीपाशी ठेवा. सकाळी साहेब येऊन गेला की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मोतीबिंदू असेल, काढतात तो. भाऊजी घेऊन जातील."

"तू येणार नाहीस?"

"मी कशाला? तुमच्या डोळ्यांत काय झालंय ते तुम्ही डॉक्टरला सांगा, डॉक्टर भाऊजींना सांगतील."

आत टेबल सरकवल्याचा आवाज झाला. एक टोक थोरल्याने धरलं असावं, दुसरं धाकट्याने, कारण मध्येच ते कशाला तरी धडकलं आणि दोघेही एकमेकांवर ओरडले. तुझ्या बाजूने घे. माझ्या बाजूनेच घेतोय. मग भिंतीला का लागतंय? वहिनींनी ते सगळं ऐकलं आणि जागच्या हलल्या नाहीत.